गडाचा पाहुणा, गडाखालचं गाव आणि मधला चेलाडी फाटा

पोस्ट लांबली आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

मागच्या रविवारी सकाळी हायवेच्या कडेला चहा पीत उभा होतो. आपल्या वरव्यावरून शनिवार-रविवारी किती गाड्या जातात हे तुम्हाला मी नव्यानं सांगायला नको. पहाटे पाचपासून रांग सुरू होते. निम्म्या गाड्या साताऱ्याकडे सरळ जातात आणि निम्म्या चेलाडी फाट्याला वळून नसरापूर, मार्गासनी करत राजगड-तोरण्याकडे. तिथंच चार-पाच पोरं थांबली होती, पुण्याची, आयटीत काम करणारी असावीत. बोलता बोलता एक जण म्हणाला, "काका, आता राजगड वर्ल्ड हेरिटेज झालाय ना, मग वर टॉयलेट का नाहीत?" त्याचाच मित्र लगेच म्हणाला, "अरे, टॉयलेट केलं की हॉटेल येणार, हॉटेल आलं की रोपवे येणार. आहे तसाच राहू दे." आणि तिसरी मुलगी शांतपणे म्हणाली, "मला फक्त एवढं कळू दे की आज वर किती गर्दी आहे. मी घरीच थांबले असते."

तीन पाहुणे आणि तीन मतं. तेव्हापासून डोक्यात एकच विषय आहे. गडावर येणाऱ्या माणसाला काय वाटतं, यावरून गडाचं काय करायचं ते ठरतं का? आणि ठरत असेल, तर हे कधीपासून चालत आलंय?

थोडं मागे जाऊ.

आपल्याला वाटतं, "पर्यटन व्यवस्थापन" हा काल-परवाचा सरकारी शब्द आहे. शब्द नवा असेल, काम जुनं आहे. शिवकाळात गडावर जाणं म्हणजे मनात आलं आणि निघालं असं नव्हतं. सभासद बखरीत गडाच्या कारभाराची रीत दिली आहे: हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी, म्हणजे एकाच्या हाती सगळा गड नाही. दरवाजे वेळेवर उघडायचे आणि वेळेवर बंद व्हायचे. हिरकणीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ती लोककथा म्हणूनच घ्यायची, पण तिचा सगळा डोलारा एका नियमावर उभा आहे: सूर्य मावळला की दरवाजा बंद, मग बाहेरचा असो की आतला. आज गडावर मुक्कामाला बंदी म्हटलं की आपण कपाळाला आठ्या घालतो. तेव्हा पाटी नव्हती, पहारा होता.

पाहुण्याची सगळ्यात चांगली नोंद सापडते ती १६७४ ची, आणि ती रायगडाची आहे. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन राज्याभिषेकाच्या वेळी आला. महाराज तेव्हा प्रतापगडाला भवानीच्या दर्शनाला गेले होते, म्हणून या साहेबाला खाली पाचाडला थांबावं लागलं. बोलावणं आल्यावर तो वर गेला. त्यानं जे लिहून ठेवलं त्यात गडाच्या अवघड वाटेचं आश्चर्य आहे, आणि वर हत्ती पाहून तर तो चक्रावलाच, की हे इथवर चढवले कसे! आपण त्याची रोजनिशी वाचतो ती राज्याभिषेकासाठी. मला मात्र पाचाडचा तो मुक्काम महत्त्वाचा वाटतो. इतक्या मोठ्या पाहुण्यालाही खाली थांबायला जागा होती, आणि वर कधी जायचं ते तो स्वतः ठरवत नव्हता.

आता आपल्या राजगडाकडे या. मुरुंबदेवाच्या डोंगराचा राजगड झाला आणि सुमारे पंचवीस वर्षं स्वराज्याचा कारभार तिथून चालला. सईबाई राणीसाहेब १६५९ मध्ये तिथंच गेल्या. आग्र्याहून सुटल्यावर १६६६ मध्ये महाराज परतले ते राजगडावरच. राजाराम महाराजांचा जन्म १६७० चा, तोही तिथलाच. पुढे १७०४ मध्ये औरंगजेब म्हातारपणी स्वतः या मुलखात उतरला, राजगड आणि पाठोपाठ तोरणा घेतला आणि तोरण्याला फुतुहुल्गैब असं नाव दिलं. आज ते नाव कोणाच्या लक्षातही नाही. त्याच्या दरबारच्या साकी मुस्तैदखानानं या मोहिमेबद्दल लिहिलंय, त्यातही डोंगराची उंची आणि अवघडपणा पाहून आलेला दबदबा लपत नाही. शत्रू म्हणून आलेला माणूसही एका अर्थानं पाहुणाच, फक्त न बोलावलेला.

आणि त्यानंतर जेमतेम दहा-अकरा वर्षांनी, १७१५ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र लिहिलं गेलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी निदान दुर्ग प्रकरण तरी वाचावं, खरंच वाचावं. त्यात काय सांगितलंय ते माझ्या शब्दांत सांगतो. गडावर वाटेवर, बाजारात, तटाच्या कडेला केरकचरा पडू द्यायचा नाही. झाडलेला केर गडाखाली ढकलायचा नाही, जागच्या जागी जाळायचा, आणि ती राख परसात घालून भाजीपाला पिकवायचा. पाणी जपायचं. घेऱ्यातली झाडी वाढवायची, तिथली एक काठीसुद्धा तोडू द्यायची नाही. आणि आजच्या वादाला थेट हात घालणारी गोष्ट म्हणजे किल्ल्याची वाट सोपी असू नये. सोपी असेल तर ती मोडून झाडी वाढवावी आणि वाट दुसरीकडून काढावी.

आता कोणी म्हणेल, ते युद्धासाठी होतं. बरोबर आहे, युद्धासाठीच होतं. आज तोफा कोणी आणणार नाही. पण प्लास्टिकची बाटली कड्यावरून खाली भिरकावणारा पाहुणा आणि "केर गडाखाली टाकू नये" हे वाक्य, यांच्यामध्ये तीनशे वर्षं आहेत असं वाटत नाही. राख परसात टाकायची, ही कल्पना तर आपल्या घंटागाडीच्या पुढची आहे!

नंतरचा काळ उतरणीचा. राजगड पंतसचिवांकडे, म्हणजे भोर संस्थानाकडे राहिला, १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत. १८१८ नंतर गडांचं लष्करी मोल संपलं आणि वर राबता राहिला तो गुराख्यांचा, देवीला जाणाऱ्यांचा आणि क्वचित एखाद्या साहेबाचा.

त्या साहेबांपैकी एक जेम्स डग्लस. त्याचं "बुक ऑफ बॉम्बे" १८८३ मध्ये आलं. तोरण्याला गरुडाच्या घरट्याची उपमा त्याच्याच नावावर सांगितली जाते, ती आपल्याकडे प्रत्येक माहितीफलकावर असते. पण त्याचं खरं काम वेगळं आहे. रायगडावरच्या शिवसमाधीची दुर्दशा पाहून त्यानं लिहिलं की ज्या राजानं एवढं राज्य उभं केलं त्याच्या समाधीसाठी आज कोणी एक रुपया खर्चायला तयार नाही, ना सातारा, ना कोल्हापूर. ते वाचून पुण्या-मुंबईच्या लोकांना लाज वाटली. गोविंद बाबाजी जोशी वसईकर स्वतः रायगडावर जाऊन आले आणि त्यांनी त्यावर पुस्तिका काढली. सरकारनं समाधीच्या देखभालीसाठी वर्षाला ५ रुपये मंजूर केले. पाच रुपये! १८९५ मध्ये टिळकांनी केसरीतून विषय हातात घेतला, वर्गणी उभी राहिली आणि १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला.

इथं कोणी महात्मा फुल्यांचं नाव का घेतलं नाही म्हणून विचारेल. त्यांचा शिवाजी महाराजांवरचा पोवाडा १८६९ चा आहे, या सगळ्याच्या आधीचा. ती चर्चा मोठी आहे, वेगळ्या पोस्टमध्ये करू, कमेंटमध्ये भांडू नका.

माझा मुद्दा एवढाच की एका परक्या पाहुण्याची तक्रार छापली गेली आणि तिच्यातून पुढे चळवळ उभी राहायला मदत झाली. पाहुण्याच्या मताला अशी ताकद असते. पण त्यातली एक गोष्ट बघा. डग्लसनं विचारलं कोणाला? सातारच्या आणि कोल्हापूरच्या गादीला. त्याला उत्तर दिलं कोणी? पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या लोकांनी. रायगडवाडी आणि पाचाडच्या माणसाचं मत काय होतं? ते कुठं छापलेलं माझ्या वाचनात नाही.

ही रीत पुढेही चालू राहिली. गो. नी. दांडेकर राजगडावर पुन्हा पुन्हा यायचे, मुक्काम ठोकायचे, आणि त्यांच्या लिखाणानं दोन पिढ्या गडावर चढल्या. ते उपकार आहेतच. पद्मावतीच्या देवळात पथारी पसरून झोपलेल्या, राजगड-तोरणा अशी डोंगरधारेवरची चाल केलेल्या ट्रेकर मंडळींनी गड जिवंत ठेवला हेही खरं. तेव्हा वर्षाकाठी येणारी माणसं आजच्या मानानं मूठभर होती, गावात भाकरी खायची, गावच्याच एखाद्या दादाला सोबत घेऊन चढायची. नियमाची गरज पडली नाही, कारण ओळखीचा धाक होता.

तो धाक आता राहिलेला नाही. रविवारी चोर दरवाजाच्या कड्यावर रेलिंग धरून वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर अडकतात तेव्हा कोण कोणाला ओळखतो? बालेकिल्ल्याच्या चढावरही तेच.

आणि हा काही निव्वळ गैरसोयीचा प्रश्न नाही. २०२३ च्या पावसाळ्यात लोहगडाच्या पायऱ्यांवर माणसांची कोंडी झालेले व्हिडिओ आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केले. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह इंद्रायणीत कोसळला आणि चार जीव गेले. तो रविवार होता. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे.

पुढच्याच महिन्यात, ११ जुलै २०२५ ला, पॅरिसच्या बैठकीत "मराठा लष्करी भूप्रदेश" म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तामिळनाडूतली जिंजी. तालुक्यात पेढे वाटले. त्याआधी २०२४ मध्येच वेल्ह्याचं नाव राजगड तालुका करायचा निर्णय झाला होता. (बोलताना आपण अजून वेल्हेच म्हणतो, म्हणत राहू.) आनंद मलाही झाला. पण वारसा यादी म्हणजे सत्कार नव्हे, तो करार आहे. व्यवस्थापन आराखडा लागतो, गडाभोवतीचा राखीव पट्टा लागतो, दर सहा वर्षांनी अहवाल द्यावा लागतो. बारांपैकी आठ किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. राजगड, साल्हेर, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. गडाचा डोंगरउतार वनखात्याचा, रस्ता बांधकाम खात्याचा, गाव ग्रामपंचायतीचं, गर्दी पोलिसांची. आणि कचरा? तो कोणाचाच नाही.

मग पाहुण्यांची मतं ऐकायची की नाही? ऐकायचीच. पण नीट ऐकली तर ती एकसारखी नसतात हे आधी मान्य करायला हवं. रोपवेचंच घ्या. २०२२ मध्ये राजगडाच्या रोपवेची बातमी आली तेव्हा गडप्रेमींनी कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं, चढण हाच राजगडाचा आत्मा आहे. पण रायगडाला १९९६ पासून रोपवे आहे, आणि त्यातून वर जाऊन समाधीपुढे हात जोडून डोळे पुसणाऱ्या म्हाताऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांनाही पाहुणाच म्हणायचं ना? माझं स्वतःचं मत राजगडाला रोपवे नको असंच आहे. पद्मावती माचीवर एका तासात हजार माणसं उतरली तर ती उभी कुठं राहणार, हा माझा साधा हिशोब. पण ज्यांच्या गुडघ्यांनी दगा दिलाय त्यांना हे सांगताना माझी मान थोडी खाली जाते, हेही कबूल करतो.

तिकिटाचंही तसंच. पैसे लावले की गर्दी कमी होते असं जगभर म्हणतात. व्हेनिस शहरानं एप्रिल २०२४ पासून ठराविक दिवशी नुसतं फिरायला येणाऱ्यांकडून ५ युरो घ्यायला सुरुवात केली. गर्दी थांबली का, यावर तिथले रहिवासीच भांडताहेत. काही म्हणाले, आमच्या शहराला तिकीट लावून तुम्ही त्याचं संग्रहालय केलंत. हे वाक्य कुठल्या आपल्या गावच्या सभेत ऐकू आलं तर नवल वाटू नये.

लांब कशाला जायचं, सिंहगड बघा. मे २०२२ मध्ये खासगी गाड्या बंद करून ई-बस चालू केल्या. कल्पना वाईट नव्हती. अजिंठ्याला तर गाड्या चार किलोमीटर अलीकडेच थांबवतात आणि बसनं नेतात, वर्षानुवर्षं चाललंय. पण सिंहगडावर बस कमी पडल्या, रांगा लागल्या, चार्जिंगची बोंब झाली, पाहुणे वैतागले आणि जेमतेम दोन आठवड्यांत प्रयोग गुंडाळला. का गुंडाळला याचा विचार केला तर कळतं: पाहुण्याला गाडी सोडायची नसते असं नाही, त्याला भरवसा हवा असतो. परतीची बस मिळेल का, किती वाजता मिळेल, बरोबर आई आहे तिला बसायला जागा आहे का. एवढं सांभाळलं की माणूस गाडी सोडतो.

आणि आता मला सगळ्यात आवडणारं उदाहरण, तेही आपल्याच रस्त्यावर पुढे: कास. पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये कासला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. फुलांच्या हंगामात एवढी झुंबड की लोक फुलांवर लोळून फोटो काढायचे. मग आसपासच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती पुढे आली. ऑनलाइन नोंदणी, शुल्क, दिवसाला ३००० माणसांची मर्यादा, पार्किंग लांब. शुल्क घेणारी, वाट दाखवणारी, "ताई, पाय तिकडं नको" म्हणणारी माणसं त्याच गावांतली. चुकाही झाल्या. कुंपण घातलं, मग गुरांचं चरणं बंद झालं, गवत माजलं आणि फुलंच कमी दिसायला लागली अशी ओरड झाली. शेवटी कुंपण काढलं. गुरं चारणाऱ्याला हे आधीच विचारलं असतं तर त्यानं फुकट सांगितलं असतं.

हे लिहिताना मला गुंजवण्याच्या वाटेवरची एक मावशी आठवते. डोक्यावर पाण्याचा हंडा आणि हातात ताकाची किटली घेऊन ती गड चढते. आपण रिकाम्या हातानं धापा टाकत असतो. २०२५ च्या सुरुवातीला सरकारनं गडकोटांवरची अतिक्रमणं काढायला जिल्ह्याजिल्ह्यात समित्या नेमल्या. पक्की बांधकामं काढली पाहिजेत, त्यात दुमत नाही. पण उद्या आराखडा करणाऱ्या कोणी कागदावर ही किटलीसुद्धा अतिक्रमणात धरली तर? मी तिला विचारलं होतं, "मावशी, वारसा झाला, बरं वाटलं का?" ती म्हणाली, "वारसा म्हंजी पोरांचा असतो ना? मग पोरांना काय मिळणार ते सांगा की." मला उत्तर देता आलं नाही. दहा रुपयाचं ताक घेतलं आणि दोन ग्लास प्यायलो.

आता आपल्या वरव्याचा यात काय संबंध, असं काही जण म्हणतीलच. राजगड आपल्या हद्दीत नाही. पण पाहुणा आधी आपल्याला भेटतो. तो चहा इथं पितो, लघवीला गाडी इथं थांबवतो, बायकांना तर जागाच नसते. रात्री उशिरा परतताना दमलेला ड्रायव्हर याच हायवेवर डुलकी घेतो. गडावर गर्दी किती आहे हे त्या मुलीला चेलाडी फाट्यावर कळलं असतं तर ती बनेश्वर बघून परत गेली असती. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं देऊळ आहे, वसईच्या मोहिमेतली पोर्तुगीज घंटा आहे, झाडी आहे. नाहीतर भोरला राजवाडा पाहिला असता, रोहिड्याला गेली असती. तिचा दिवस वाया गेला नसता आणि राजगडावरची एक गाडी कमी झाली असती. ऑक्झिंडनला पाचाडला थांबावं लागलं, तसं आजच्या पाहुण्याला थांबायला, विचार बदलायला एक जागा हवी. ती जागा भौगोलिकदृष्ट्या आपल्या पट्ट्यातच येते, नकाशा काढून बघा.

येत्या ग्रामसभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. शनिवार-रविवारसाठी हायवेच्या कडेला स्वच्छतागृह, तेही गावच्या बचत गटाकडे चालवायला. गडाच्या पायथ्याच्या गावांशी बोलून चेलाडीच्या अलीकडे गर्दीची खबर देणारा फलक, मोबाईलवरून रोज बदलता येईल असा. आणि राजगडाच्या आराखड्याची बैठक जेव्हा केव्हा होईल तेव्हा पाली, गुंजवणे, भुतोंडे या पायथ्याच्या गावांबरोबर वाटेवरच्या गावांनाही बोलवा, असं लेखी पत्र. ठराव होईल का माहीत नाही. मागच्या वेळी पाण्याच्या विषयातच सभा संपली, आणि पाणी महत्त्वाचं होतंच.

एक विनंती. तुमच्या घरात कोणी पूर्वी राजगडाला पाहुण्यांबरोबर वाटाड्या म्हणून गेलं असेल, कोणाकडे जुने फोटो, पत्रं, पाहुण्यांनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्या असतील, तर मला इनबॉक्स करा किंवा घरी या. आमच्या आबांकडे अशी एक चिठ्ठी होती, एका मास्तरांनी लिहून दिलेली, भाकरी आणि वाट दोन्ही चांगली मिळाली म्हणून. घर बांधताना कुठं गेली ते सापडत नाही.